तारण, कृपा आणि आशा



मराठी भाषेंत 'तारण' हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. सावकाराच्या दप्तरांत तारण म्हणजे कर्जाबद्दल ठेवलेली हमी. शेत, घर किंवा एखादा दागिना. जो आपलें ऋण फेडूं शकत नाहीं त्याच्या जागीं जें उभें राहतें तें तारण. समुद्रकांठीं राहणाऱ्या आपल्या लोकांना मात्र या शब्दांत दुसरीच गोष्ट ऐकूं येते. तरणें, तारणें, तारूं हे सर्व शब्द एकाच कुळांतले. बुडत्याला पैलतीरास नेणें म्हणजे तारणें. मराठी पवित्र शास्त्रांत ख्रिस्ती धर्माच्या मुख्य गोष्टीला हेंच नांव दिलेलें आहे, आणि विशेष हा कीं दोन्ही अर्थ तिला तंतोतंत लागू पडतात. मनुष्य आपल्या पापाच्या ऋणांतून स्वतःच्या कमाईनें मोकळा होऊं शकत नाहीं, म्हणून प्रभु येशू ख्रिस्त स्वतः त्याच्या जागीं जामीन राहिला. आणि ज्याच्यासाठीं तो जामीन राहिला त्याला तो पैलतीरास नेतो. ख्रिस्ती शिकवणीचें सार इतकेंच आहे.

हा विचार मराठी कानांना नवा नाहीं. इ. स. १६१६ मध्यें गोमंतकांतील राचोल येथें फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचें 'ख्रिस्तपुराण' छापलें गेलें. त्यानें आपली कथा ओवींत सांगितली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटलें. म्हणजे चारशें वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट आपल्या भाषेंत बोलली जात आहे. तरीहि तिच्याविषयीं दोन आक्षेप वारंवार ऐकूं येतात. पहिला असा कीं, क्षमा फुकट मिळते असें शिकविलें म्हणजे माणूस निर्ढावतो. दुसरा असा कीं, ख्रिस्त पुन्हां येणार अशी आशा धरणारा मनुष्य या जगांतील कामांत मन घालीत नाहीं. आक्षेप घेणारीं माणसें विचारी आहेत. मुलांचें शील आणि मुलांचा उद्योग यांची त्यांना काळजी आहे. म्हणून या दोन्ही आक्षेपांचा येथें शांतपणें विचार करूं.

प्रथम कृपा म्हणजे काय तें पाहूं. समुद्र एकाएकीं खवळला म्हणजे विजयदुर्गाच्या बंदरांत दूरदूरच्या नौका आसऱ्याला येतात. वाघोटनच्या मुखाशीं, किल्ल्याच्या आडोशाला, पाणी निवांत असतें. आलेल्या नौकेला बंदर असें विचारीत नाहीं कीं, तुझा तांडेल किती कुशल आहे, तूं कोणत्या गांवची, आणि वाऱ्याचा अंदाज चुकला तो कोणाच्या दोषानें. आसरा देणें हा बंदराचा स्वभाव आहे. तें नौकेच्या योग्यतेचें बक्षीस नव्हे. देवाची कृपा अशी आहे. परंतु नौकेला एक गोष्ट करावीच लागते. तिला सुकाणूं फिरवून बंदराकडे तोंड करावें लागतें. या फिरण्याला पश्चात्ताप म्हणतात, आणि आंत आल्यावर नांगर टाकून त्या बंदरावर विसंबण्याला विश्वास म्हणतात. फिरल्यानें बंदर निर्माण होत नाहीं. तें आधींच तेथें असतें. पण न फिरणाऱ्या नौकेला त्याचा उपयोग नाहीं.

लूकच्या शुभवर्तमानांतील दोन पुत्रांचा दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. धाकट्यानें आपला वांटा मागून घेतला, दूर देशीं उधळला, आणि उपाशी मरण्याची पाळी आली तेव्हां, आपल्याला चाकर म्हणून तरी ठेवावें असें बापाला विनवावयाचें ठरवून तो परत निघाला. बापानें त्याला दुरून पाहिलें आणि तो धांवत सुटला. मुलाची विनवणी पुरी होण्यापूर्वींच अंगरखा, अंगठी आणि जोडे यांची आज्ञा झाली. या दृष्टांतांत थोरला मुलगाहि आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. तो कष्टाळू, आज्ञाधारक, कधीं घर न सोडलेला. पण भावाला क्षमा झालेली ऐकून तो अंगणांतच अडून राहिला. बाप त्याच्यासाठींहि बाहेर आला. धाकटा आपल्या दुराचारानें घराबाहेर गेला होता, थोरला आपल्या सदाचाराच्या अभिमानानें. कृपेची गरज दोघांनाहि सारखीच होती.

पालकजनहो, हा दृष्टांत वर्षांतून एकदां तुमच्या प्रत्येकाच्या दारांत घडतो. तो दिवस परीक्षेच्या निकालाचा. एखादा मुलगा नापास होतो आणि त्याचे पाय घराकडे वळत नाहींत. धक्क्यावर, किल्ल्याच्या तटावर तो अंधार पडेपर्यंत बसून राहतो. त्याच्या मनांत त्या वेळीं एकच प्रश्न असतो: आतां घरांत माझी जागा आहे कीं नाहीं? अशा रात्रीं काहीं मुलांनीं जिवाचें बरेंवाईट करून घेतल्याचीं वृत्तें आपण प्रतिवर्षीं वाचतों. शाळा गुण देते, आणि तिनें ते खरेंच दिले पाहिजेत. न लिहिलेल्या उत्तराला गुण देणें ही कृपा नव्हे, ती लबाडी होय. पण घर ही शाळा नाहीं. शाळेंत स्थान गुणांनीं मिळतें, घरांत तें जन्मानें मिळतें. ज्या बापानें अशा संध्याकाळीं कंदील घेऊन मुलाला शोधून आणलें आणि आधीं जेवूं घातलें, त्याला कृपेचा अर्थ कोणत्याहि प्रवचनापेक्षां अधिक कळला आहे. दुसऱ्या दिवशीं पुस्तकें पुन्हां उघडावयाचींच आहेत. पण तीं भीतीनें उघडणारा मुलगा निराळा आणि आपण टाकले गेलों नाहीं या जाणिवेनें उघडणारा मुलगा निराळा.

येथेंच पहिल्या आक्षेपाचें उत्तर आहे. कृपा वाढावी म्हणून आपण पाप करीत राहावें काय, हा प्रश्न प्रेषित पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत स्वतःच उपस्थित केला आहे आणि त्याचा निक्षून निषेध केला आहे. क्षमा घेणाऱ्याला ती फुकट असते, देणाऱ्याला नसते. ख्रिस्ती मनुष्य क्रूसाकडे पाहतो तेव्हां आपल्या क्षमेला काय मोल पडलें तें त्याला दिसतें. आणि तें ज्याला खरोखर दिसलें तो तीच चूक हंसत हंसत पुन्हां करूं शकत नाहीं. जो करतो त्यानें कृपा पाहिलेलीच नाहीं. त्यानें केवळ सवलत पाहिली.

याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांची संस्कृत विद्या अशी कीं, १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. विद्येनें, तीर्थाटनानें किंवा व्रतांनीं मनाची शांति मिळती तर ती त्यांना प्रथम मिळाली असती. या तिन्ही वाटा त्यांनीं पायांखालीं घातल्या होत्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतरहि अनेक वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाहीं, असें त्यांना वाटत राहिलें. हें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. शेवटीं आपली सर्व योग्यता बाजूला ठेवून केवळ दान म्हणून क्षमा स्वीकारली तेव्हां त्यांना विसावा मिळाला. आतां आक्षेपकांनीं पाहावें कीं, अशी फुकट क्षमा मिळालेली बाई पुढें निष्काळजी झाली काय. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपासमारीनें अनाथ झालेल्या शेंकडों मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगांव येथें त्यांच्यासाठीं जी संस्था उभी राहिली तिचें नांवच मुक्ति. तेथें विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनीं मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठींत आणलें. १९२२ सालीं त्यांचा अंत झाला. हे कष्ट मुक्ति मिळविण्यासाठीं नव्हते; मुक्ति मिळाली म्हणून होते. फरक लहान दिसतो, पण आयुष्याचा सारा रोख त्यानें बदलतो.

आतां दुसरा आक्षेप घेऊं. ख्रिस्त पुन्हां येईल, मेलेल्यांना उठवील आणि सर्व गोष्टींचा न्याय करील, ही ख्रिस्ती मंडळीची पहिल्या शतकापासूनची आशा आहे. ही आशा कशी धरावी याविषयीं विजयदुर्गाचे विद्यार्थी एका गोष्टीवरून बोध घेऊं शकतील. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून थेट मछलीपट्टणापर्यंत गेला होता. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून जे चौथरे दाखवितात त्यांचा संबंध या ग्रहणाशीं जोडला जातो. ग्रहणाची घटका गणितानें आधींच ठरलेली होती, म्हणून विद्वान् लोक यंत्रें घेऊन ठरल्या दिवशीं सज्ज राहूं शकले. ख्रिस्ताच्या आगमनाचें तसें नाहीं. तो दिवस व ती घटका कोणालाहि ठाऊक नाहीं असें त्यानें स्वतः सांगून ठेविलें आहे. जें ज्योतिषाला शक्य आहे तें येथें मुद्दाम अशक्य करून ठेविलें आहे, आणि त्यांत मोठी दया आहे. दिवस ठाऊक असता तर आपण आदल्या रात्रींच चांगले झालों असतों.

तरीहि दिवस ठरविण्याचा मोह माणसांना अनेकदां झाला. अमेरिकेंत विल्यम मिलर यांच्या गणनेवरून हजारों लोक २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशीं प्रभूची वाट पाहत राहिले; काहींनीं शेतांतलें पीकहि काढलें नाहीं. दिवस उगवला आणि मावळला. पीक गेलें, आणि कित्येकांचा विश्वासहि गेला. पहिल्या शतकांत थेस्सलनीका येथेंहि कित्येकांनीं कामधंदा सोडून रिकामें फिरण्यास आरंभ केला होता. त्यांना पौलानें कडक शब्दांत लिहिलें कीं ज्याला काम करावयाचें नाहीं त्यानें खाऊंहि नये. तेव्हां आळशी वाट पाहण्याचा दोष आक्षेपकांच्या आधीं खुद्द पवित्र शास्त्रानेंच दाखविला आहे.

खरें वाट पाहणें कसें असतें तें कोंकणांतील माणसाला सांगावयास नको. मुंबईचा चाकरमानी सणाला येणार असला म्हणजे घरची मंडळी उंबऱ्यावर बसून राहत नाहींत. भिंतींना रंग लागतो, वाटेवरचें गवत काढलें जातें, गळणारें कौल बदललें जातें, म्हाताऱ्या आईच्या हातांना बळ येतें. तो येणार आहे म्हणूनच घरांत काम वाढतें. ज्या घरीं कोणीच येणार नसतें तेथें केरहि तसाच पडून राहतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत प्रभूनें आपल्या येण्याचें वर्णन केलें तेव्हां न्यायाची कसोटी म्हणून आकाशांतील चिन्हें सांगितलीं नाहींत. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट, या घरगुती गोष्टी सांगितल्या.

कोणी म्हणेल, पण जें दिसत नाहीं त्यावर भरंवसा कसा ठेवावा? त्या १८६८ सालच्याच इतिहासांत याहि प्रश्नाला एक दृष्टांत सांपडतो. जान्सेन यांनीं गुंटूर येथून ग्रहण पाहिलें. लॉक्यर यांनीं त्याच वर्षीं ऑक्टोबरांत इंग्लंडांतून सूर्याच्या प्रकाशाचा अभ्यास केला. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत एक पिवळी रेषा आढळली, जी कोणत्याहि ज्ञात द्रव्याची नव्हती. त्या अज्ञात द्रव्याला हेलियम हें नांव मिळालें. पृथ्वीवर तें कोणाच्या हातीं लागलें नव्हतें. कित्येक विद्वानांनीं शंकाहि घेतली. १८९५ सालीं रॅम्से यांना तें एका खनिजांत मिळालें. सत्तावीस वर्षें त्या द्रव्याची साक्ष एका प्रकाशरेषेनें दिली होती. दृष्टांताला मर्यादा असते, आणि विश्वास ही प्रयोगशाळेंत ठरणारी गोष्ट नव्हे. पण हातीं न आलेली प्रत्येक गोष्ट खोटी असत नाहीं, एवढें तरी यावरून शिकावें. ख्रिस्ती आशेची प्रकाशरेषा म्हणजे ख्रिस्ताचें पुनरुत्थान. जो एकदां मरणांतून उठला त्याचा शब्द पुढेंहि खरा होईल, असा हा भरंवसा आहे.

अशा आशेनें माणसें काय करतात याचा आणखी एक दाखला देऊन लेख पुरा करतों. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यांतले. करजगांवीं १८६१ सालीं त्यांचा जन्म झाला आणि १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा. तुकारामबोवांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत. कारण देवाच्या कृपेवांचून गति नाहीं हें त्यांना संतांनीं आधींच शिकविलें होतें. त्यांनीं 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य आरंभिलें, पण १९१९ सालीं त्यांचा देहांत झाला तेव्हां त्याचा थोडाच भाग झाला होता. शाळेचें शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनीं तें काम हातीं घेतलें आणि साठांहून अधिक अध्याय रचले. १९३६ सालीं त्याहि निवर्तल्या. ग्रंथ छापून निघाला तो १९३८ सालीं. आरंभ करणाऱ्यानें तो पाहिला नाहीं, पुढें चालविणारीनेंहि पाहिला नाहीं. आपल्या हातून अपुरें राहिलेलें काम वायां जात नाहीं, तें पुरें करणारा कोणी आहे, अशी खात्री असल्यावांचून माणूस असें काम करीत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं पुष्कळजण ख्रिस्ती नाहींत, आणि या लेखाचा हेतु तुम्हांवर कोणतें मत लादण्याचा नाहीं. परंतु तुमच्या शाळेच्या भिंती ज्या विश्वासावर उभ्या आहेत तो काय आहे हें तुम्हांस नीट माहीत असावें, एवढीच इच्छा आहे. त्याचें सार तुम्हांला प्रतिदिनीं उपयोगी पडेल. चुकलांत तर सुकाणूं फिरवा; बंदर आहे. तुमच्यावर कोणी रुसून अंगणांत उभा असेल तर बाहेर जाऊन त्याला आंत आणा. आणि जें काम आज हातीं आहे तें असें करा कीं, धनी याच क्षणीं दारांत आला तर तें झांकावें लागूं नये.