नॉरहॅमचा किल्ला आणि टर्नरची शिसपेन्सिल

जे. एम. डब्ल्यू. टर्नर आणि किल्ला हे दोन शब्द एकत्र आले की ‘नॉरहॅम कॅसल, सूर्योदय’ हे चित्र पुढे केले जाते. पिवळसर धुके, मध्ये निळा पुसट डाग, नदीत उभी गाय. आणि खाली ओळ : ‘दोनशे वर्षांपूर्वी हा किल्ला असा दिसत असे.’

हा दावा निखालस चुकीचा आहे.

हे तैलचित्र सुमारे १८४५ चे, अपूर्ण राहिलेले. टर्नरच्या हयातीत ते प्रदर्शितही झाले नाही. तो तेव्हा सत्तरीला टेकला होता. या किल्ल्यासमोर तो प्रथम उभा राहिला १७९७ साली, बाविसाव्या वर्षी, हातात वही आणि शिसपेन्सिल घेऊन. साक्ष हवी असेल तर ती त्या वहीची घ्यावी. अर्ध्या शतकानंतरच्या सोनेरी धुक्याची कशाला?

नॉरहॅम ट्वीड नदीकाठी, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर आहे. ११२१ मध्ये डरहॅमचा बिशप रानुल्फ फ्लँबार्ड याने त्याची उभारणी आरंभली. १५१३ मध्ये स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सने तोफा डागून तो घेतला आणि थोड्याच दिवसांत फ्लॉडनच्या रणात तो स्वतः पडला. किल्ल्याने सोसलेले हे घाव त्या निळ्या डागात कोणी शोधून दाखवावेत!

शिसपेन्सिलीला धुक्याआड लपता येत नाही. भिंत कुठे संपते, बुरुजाची कड कुठे तुटते, याचा निर्णय रेघेला जागच्या जागी करावा लागतो. म्हणून रेखाटनाला ‘चित्राची कच्ची तयारी’ म्हणून हिणवणे हे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही. रेखाटन म्हणजे छायाचित्रही नव्हे, हे खरेच. चित्रकार कुठे उभा होता, त्याने काय गाळले, हे विचारावेच लागते. परंतु रेघेला असा प्रश्न विचारता तरी येतो. १७९८ मध्ये याच किल्ल्याचे जलरंगचित्र रॉयल अकॅडमीत लागले, तेव्हा त्याच्या नावातच ‘उन्हाळ्याची सकाळ’ आली होती. प्रेक्षकांना सकाळ आवडली, किल्ला मागे पडला. ती खोड अजून गेलेली नाही.

टर्नरच्या पश्चात सुमारे तीनशे तैलचित्रे आणि कागदावरची तीसेक हजार कामे राष्ट्राकडे आली. त्यांपैकी एकोणीस हजारांवर कागद रस्किनने लावले. १९०९ मध्ये फिनबर्गने त्यांची दोन खंडांत सूची केली. आज ती रेखाटने टेटच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात, आणि तरीही दर वेळी तोच सूर्योदय पुढे सरकवला जातो.