काम लागलं की सगळं ठीक होतं?

मागच्या रविवारी मावशीशी फोनवर चांगलंच वाजलं. ती डोंबिवलीची, मी जर्मनीत, त्यामुळे भांडण महाग पडलं नाही, एवढंच. तिचं म्हणणं, "अगं, निर्वासितांना काम द्या, डोकं आपोआप ठिकाणावर येतं." हे वाक्य मी इथेही इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसले.

सीरियातून आलेल्या एका कुटुंबाला मी दर शनिवारी भाषेची मदत करते. घरातले काका अलेप्पोचे शिंपी. २०२४ मध्ये त्यांच्याबरोबर जॉबसेंटरला गेले होते. जॉबसेंटर म्हणजे भत्ता आणि नोकरी, दोन्ही बघणारं सरकारी ऑफिस. दुभाषी कोण? काकांची बारा वर्षांची मुलगी, शाळा बुडवून आलेली! टेबलापलीकडच्या बाईंनी (स्वभावाने प्रेमळ हो) विचारलं, "तब्येतीची काही तक्रार?" मुलीने अरबीत विचारलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, नाही. बाईंनी फॉर्मवर खूण केली. संपलं मानसिक आरोग्य.

काका रात्र-रात्र जागे असतात, हे काकूंनी मला सांगितलं होतं. पण ते पोरीच्या तोंडून कसं वदवणार? मी गप्प बसले. दुसऱ्याच्या घरातलं आपण कसं उघडं करायचं, म्हणून. बरोबर केलं का? अजून ठरवता येत नाही.

बरं, सोयी नाहीत असंही नाही. या खात्याकडे स्वतःचे डॉक्टर आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत, फोनवरून दुभाषी जोडता येतो. जुलै २०२३ पासून घरी येऊन आधार देणाऱ्या मार्गदर्शकाचीही कायद्यात तरतूद झाली. पण या सगळ्याचं दार एका "हो"ने उघडतं, आणि तो "हो" म्हणवेल अशी खोलीच नाही.

मग काय होतं? झोप नसलेला माणूस तारीख विसरतो. सरकारी पाकीट बघून ज्याच्या छातीत धडधडतं, तो ते फोडत नाही. आजाराचं हे लक्षण ऑफिसच्या वहीत "असहकार" म्हणून उतरतं! काकांचंही तेच झालं. तारीख चुकली, २०२३ च्या नियमाप्रमाणे महिनाभराचा दहा टक्के भत्ता कापला. आजाराला दंड.

मावशीचा हुकमी एक्का उल्हासनगर. १९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेले सिंधी रडत बसले का? पापड लाटले, दुकानं टाकली! खरंय, मावशी. पण दुकान दिसतं, रात्र दिसत नाही. त्या रात्रींबद्दल त्यांना कुणी विचारलं होतं? शिवाय त्यांच्याभोवती त्यांच्याच बोलीत बोलणारी अख्खी छावणी होती. इथे माणूस आधी कागदासाठी थांबतो, सुरुवातीचे महिने कायदाच काम करू देत नाही, मग सहाशे तास भाषा, आणि मग एकदम पळा! ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने या पळवण्याला नावही दिलं, "जॉब-टर्बो".

कामाने माणूस सावरतो, हे मलाही मान्य आहे. काका शिलाई मशीनवर बसले की त्यांचा हात थरथरत नाही, हे मी पाहिलंय. पण त्यांना मिळालं गोदामातलं रात्रपाळीचं काम. तीन आठवड्यांत सुटलं.

जॉबसेंटरने दवाखाना व्हावं, असं मी म्हणत नाही. मूल नव्हे, मोठा दुभाषी द्या. तारीख चुकली तर कापण्याआधी का चुकली ते विचारा. सुरुवात थोड्या तासांनी करू द्या, उपचाराची वेळ राखून. आणि उपचारात दुभाष्याचा खर्च आरोग्य विम्यातून द्या. आज तो मिळत नाही, मग माणसाने डॉक्टरपुढे काय खुणा करायच्या?

असो. मावशी, तू हे वाचशीलच. उरलेलं रविवारी फोनवर भांडू.