सडपातळ असूनही पीसीओएस? जनुकं काय सांगतात?

पाळी अनियमित, चेहऱ्यावर मुरुमं, हनुवटीवर केस. डॉक्टरांनी पीसीओएसचं निदान केलं की घरीदारी एकच सल्ला मिळतो, 'वजन कमी कर, सगळं ठीक होईल.' पण जिचं वजन मुळातच कमी आहे, तिने काय करायचं?

हा त्रास आनुवंशिक आहे का?

बऱ्याच अंशी, हो. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या २००६ सालच्या अभ्यासात पीसीओएसमागे सुमारे ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असल्याचं दिसलं.

मात्र याला एकच जनुक जबाबदार नाही. पीसीओएस असलेल्या युरोपीय वंशाच्या १० हजारांहून अधिक महिलांच्या २०१८ सालच्या अभ्यासात जनुकीय फरकांची १४ ठिकाणं समोर आली. प्रत्येकाचा परिणाम छोटा. पण लठ्ठपणा, इन्सुलिन आणि टाइप-२ डायबिटीस यांच्याशी पीसीओएसचं जनुकीय नातंही या अभ्यासात दिसलं.

सगळ्यांचा पीसीओएस सारखाच असतो का?

नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दोन गट वेगळे दाखवले. एका गटात वजन, साखर आणि इन्सुलिन जास्त. दुसऱ्यात वजन आणि इन्सुलिन तुलनेने कमी, पण एलएच हार्मोन जास्त. दोन्ही गटांशी जोडलेले जनुकीय फरकही वेगळे निघाले. अनेक जणी मात्र कुठल्याच गटात नीट बसल्या नाहीत.

भारतीय महिलांनी काय लक्षात घ्यावं?

बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही चरबी जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे. त्यामुळे वजनकाटा बघून 'आपल्याला डायबिटीसचा धोका नाही' असं मानणं चुकीचं ठरतं.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, पीसीओएस असलेल्या प्रत्येकीची साखर तपासायला हवी, वजन कितीही असो. त्यासाठी ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी केली जाणारी रक्ततपासणी सर्वात अचूक मानली जाते.

मग जनुकांची टेस्ट करायची का?

पीसीओएसच्या निदानासाठी तिची गरज नाही. पण आई किंवा बहिणीला पीसीओएस किंवा डायबिटीस असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आहार आणि व्यायामाचा फायदा होतोच, जनुकं काहीही असोत. पण पीसीओएस म्हणजे आळशीपणाची शिक्षा नाही. 'तू तर बारीक आहेस, तुला काय होतंय?' असं म्हणत कुणाची तपासणी टाळणंही तितकंच धोक्याचं.