घोडी कुठल्या रकान्यात?

मैत्रिणींनो, वरातीतल्या घोडीकडे आपण बघतो ते तिच्या झुलीसाठी, गोंड्यांसाठी. नवरदेव खाली उतरला की ती कुठे जाते, काय खाते, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

२०१९ चा मे महिना. बीड जिल्ह्यात गावोगावी चारा छावण्या लागल्या होत्या. आमच्या बचत गटातली भाभी नवऱ्यासोबत घोडी घेऊन जवळच्या छावणीवर गेली आणि तशीच परत आली. तिथे रकाने दोनच, मोठं जनावर आणि लहान जनावर. मोठ्याला दिवसाला १०० रुपये अनुदान, लहानाला ५०. "घोडं यात बसत नाही," म्हणाले. भाभी मला म्हणाली, "ताई, वरातीला घोडी पाहिजे असली की रात्री बारालाही लोकांना आमचं घर सापडतं. आता कुणालाच सापडंना."

शेतकऱ्याचे हाल मी कमी लेखत नाही, मी शेतकऱ्याचीच लेक. पण त्याच्या गोठ्यामागे मागच्या सालाची कडब्याची गंज तरी असू शकते. या घोडेवाल्याला ना शेत, ना सातबारा. पेंढी न् पेंढी रोखीने घ्यायची. दुष्काळात कडबा महागतो आणि नेमकी तेव्हाच लग्नं साधी होतात, सामुदायिक होतात. वरात नाही, म्हणजे मिळकतही नाही.

त्यात घोड्याचं पोट नाजूक. गाय भराभर खाऊन घेते, मग निवांत रवंथ करते. घोड्याला रवंथ नाही, जठर लहान. दिवसभर थोडं थोडं लागतं. उपाशी ठेवून एकदम खायला घातलं किंवा बुरशी आलेला कडबा पोटात गेला, तर पोटशूळ उठतो. ओकून टाकणंही त्याला जमत नाही. "मिळेल ते खाईल" हे इथे चालतच नाही.

आम्ही बायकांनी घरोघर फिरून शंभरेक पेंढ्या जमवल्या. रोज पाच-सहा लागायच्या, जेमतेम अठरा दिवस निघाले. (एका घरी ऐकून घ्यावं लागलं, "घोडं म्हणजे चैन!" त्याच घरच्या लग्नात हीच घोडी दारात उभी होती, पण असो.) जूनमध्ये पाऊस लांबला, तेव्हा भाभीने पायातले चांदीचे पैंजण मोडले.

गंमत बघा, पशुगणनेत घोडे, खेचरं, गाढवं सगळी मोजली जातात. मग मोजलेल्याला चारा का नाही? २०२३ मध्ये राज्यात पुन्हा ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, म्हणजे ही वेळ परत येणारच. छावणीच्या नोंदवहीत घोड्या-गाढवांचा तिसरा रकाना हवा, आणि त्यांच्यासाठी उसाच्या वाढ्यांऐवजी चांगला कोरडा कडबा. छावण्या लागल्यावर कोण ऐकतं? म्हणून तहसील कचेरीत द्यायचा अर्ज आम्ही आत्ताच लिहून ठेवलाय. पहिली सही भाभीची आहे.