अर्ध्या तिकिटात ऊन पाण्यापर्यंत

मैत्रिणींनो, १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या सगळ्या गाड्यांना बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून आमच्या शिरूर-दौंडकडच्या भिशीत सहलीचा विषय हमखास निघतो. ठरतं मात्र देवदर्शनच. रांजणगाव तर तालुक्यातलंच, सिद्धटेक दौंडहून भीमेपलीकडे. देवाला जायचं म्हटलं की घरून लगेच होकार मिळतो. "दोन दिवस नुसतं अंग शेकायला जाते," असं म्हणून बघा! सासूबाईंपासून शेंडेफळापर्यंत सगळे आपल्या तोंडाकडे बघत राहतील.

म्हणून मी दोन्ही साधणारी जागा सुचवते. अष्टविनायकातल्या पालीच्या बल्लाळेश्वरापासून तीनेक किलोमीटरवर उन्हेरे आहे. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत. यात्रेच्या गाड्या बहुतेक वेळा दर्शन आटोपून पुढे पळतात. आपण एसटीनं पुणे, खोपोली करत पालीला जावं आणि एक रात्र मुक्काम करावा. खासगी गाडीला अर्धं तिकीट नाही, हे लक्षात असू द्या.

कोकणात ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे ही नावं त्यावरूनच पडली. पालघरच्या सातिवलीपासून वज्रेश्वरी, गणेशपुरी करत थेट राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची रांगच आहे. यात ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं. एक किलोमीटर खाली गेलं की उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तिथे तापलेलं पाणी पुन्हा वर येतं.

या उष्णतेकडे आता सरकारचंही लक्ष गेलंय. २०२५ मध्ये केंद्रानं भू-औष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. वीज आणि उष्णतेचा थेट वापर, असा त्याचा रोख आहे. चांगलंच आहे. पण कुंडावर आलेल्या बाईचं काय? उघड्या कुंडावर पुरुष बिनधास्त उतरतात. आपण मात्र पाय बुडवून काठावर बसतो, नाहीतर साडीसकट भिजतो आणि मग मैत्रिणींनी धरलेल्या चादरीआड कपडे बदलतो. याला का विश्रांती म्हणायची? जपानात अशा झऱ्यांवर बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुषांचे हौद वेगळे असतात, दाराला वेगळे पडदे असतात. त्याला काही फार मोठा खर्च येत नाही.

तेव्हा निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून नीट विचारा. बायकांचं कुंड वेगळं आहे का? कडी लागणारी खोली आहे का? शौचालय आहे का? रविवार टाळा, सकाळी लवकर जा. पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पुरे. बीपी, हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहानं पायाची संवेदना कमी झाली असेल, तर चटका कळत नाही. अशा वेळी दुसरीला पाणी बघायला सांगा. डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका.

आणि गैरसोय झालीच, तर परतल्यावर नुसती कुरकुर करू नका. त्या गावच्या ग्रामपंचायतीला सगळ्यांच्या सह्यांचं पत्र पाठवा. २०११ पासून राज्यातल्या पंचायतींत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. कडीची खोली का हवी, हे त्या सदस्यबाईंना समजावून सांगावं लागणार नाही. अर्ध्या तिकिटानं आपल्याला घराबाहेर काढलं. आता निवांत अंघोळीची मागणी आपणच करायला हवी, आणि त्यासाठी देवाचं निमित्त लागू नये!