ऐकून घेण्याचें भय

बहुमताच्या जोरावर विधेयक फेटाळण्याचा अधिकार सरकारास आहे. परंतु तें सभेपुढें येऊंच न देणें यास अधिकार नव्हे, भय म्हणावें लागेल. आयर्लंडचें वरिष्ठ सभागृह जें शॅनड, त्याचा इतिहास हेंच सांगतो.

तेथील ६० सभासदांपैकीं ११ पंतप्रधानांनीं नेमावयाचे असतात. तेव्हां विरोधकांची बाजू प्रायः आरंभींच लंगडी. १९६९ सालीं डब्लिन विद्यापीठातर्फे निवडून आलेल्या मेरी रॉबिन्सनबाई अपक्ष होत्या. संततिनियमनाच्या साधनांची विक्री व आयात १९३५ च्या कायद्यानें निषिद्ध होती. ती बंदी सैल करण्यासाठीं बाईंनीं दोन सहकाऱ्यांसह १९७१ सालीं विधेयक आणलें. सभागृहानें प्रथम वाचनासच नकार दिला. मग वादविवाद व्हावा कशावर?

दार लावल्यानें प्रश्न मात्र सुटला नाहीं. १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विवाहितांस स्वतःपुरतीं साधनें आणविण्याचा हक्क दिला. १९७९ च्या कायद्यानें डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालून विक्रीस वाट दिली. १९८५ सालीं प्रौढांसाठीं कांहीं साधनांपुरती ती अटही गेली. याचें सारें श्रेय एकट्या बाईंस देणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि जो विषय सभ्य सभेंत उच्चारणें वर्ज्य मानीत, तो त्यांनीं कायद्याच्या भाषेंत मांडला, हें कार्य लहान नव्हे. १९९० सालीं त्याच राष्ट्रानें त्यांस अध्यक्षपदीं निवडलें.

सभा गांवची असो वा राष्ट्राची, विरोधकास हरवावें. पण आधीं त्याचें ऐकून घ्यावें.