भाला, बंदूक आणि नुएर तरुण

दक्षिण सुदानची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत आलीच तर चार ओळींची असते. गुरं पळवण्यावरून दोन टोळ्या भिडल्या, इतके ठार. वाचणारा मनात म्हणतो, ही माणसं अशीच. हे ‘अशीच’ मला खटकतं. आपल्याकडेही काही मोहल्ल्यांबद्दल, काही नावांबद्दल हा शब्द किती सहज वापरला जातो, ते आपण चांगलं जाणतो.

नुएर हे नाईलच्या खोऱ्यातले गुरं पाळणारे लोक. दक्षिण सुदानात डिंकांच्या खालोखाल त्यांची संख्या आहे. काही सीमेपलीकडे इथिओपियाच्या गाम्बेलात राहतात. इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज अभ्यासकाचं त्यांच्यावरचं पुस्तक १९४० साली आलं. राजा नाही, फौजदार नाही, तरी हा समाज एकमेकांना मारून संपत कसा नाही, हा त्याला पडलेला प्रश्न होता.

उत्तर होतं बिबट्याचं कातडं पांघरणारा एक माणूस, भूमीचा पुरोहित. खून करणारा थेट त्याच्या घरी पळत जाई. तिथे त्याला कोणी हात लावत नसे. पुरोहित त्याच्या दंडावर चीर देऊन रक्त काढी आणि ते होईपर्यंत त्याला अन्नपाणी वर्ज्य असे. मग पुरोहित दोन्ही घरांत निरोप नेऊ लागे. मेलेल्याचे नातेवाईक आधी नाहीच म्हणत. लगेच हो म्हणणं म्हणजे मेलेल्याची किंमत न ठेवणं. शेवटी चाळीस-पन्नास गुरांवर तोडगा निघे.

इथे आपले वाचक म्हणतील, ही तर दियत झाली. शंभर उंटांचा खूनबहा आपल्याला ठाऊक आहे. साम्य आहेच. पण नुएरांच्या गुरांचं पुढे काय होतं ते पाहा. त्या गुरांवर मेलेल्याच्या नावाने लग्न लावलं जातं. त्याचा एखादा भाऊबंद त्या स्त्रीसोबत राहतो, पण होणारी मुलं मेलेल्याची. म्हणजे मोडलेलं घर पुन्हा उभं राहतं. त्या स्त्रीला काय वाटत असेल हा प्रश्न माझ्या मनात येतो, आणि तो बाजूला सारावा असं मला वाटत नाही. पण सूड थांबण्यामागे एवढी ठोस व्यवस्था होती, हेही खरं.

या पुरोहिताजवळ शिपाई नव्हते. त्याचा शाप आणि लोकांचा धाक, एवढ्यावर सगळं चालायचं. आणि त्यासाठी एक गोष्ट लागायची. कोणी कोणाला मारलं हे माहीत असावं लागायचं. भाला कोणाच्या हातून सुटला ते दिसतं. अंधारात चाललेल्या गोळीबारात कोणाची गोळी कोणाला लागली, हे मारणाऱ्यालाही कळत नाही. शॅरन हचिन्सन या संशोधिकेने हा बदल टिपला आहे. काही ठिकाणी चिरेच्या जागी काडतुसाच्या रिकाम्या नळीतून पाणी पिण्याचा विधी आला. लोक जुनं टिकवायची धडपड करत होते.

त्यावर घाव घातला तो पुढाऱ्यांनी. १९८३ पासून चाललेल्या युद्धात रिक माशार आणि इतर सेनानींनी सांगितलं, की ‘सरकारी युद्धा’त मारलं तर खुनाचा विटाळ लागत नाही, विधीची गरज नाही. तरुण म्हणजे आडदांड, असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य आधी लक्षात घ्यावं. पाप कशाला म्हणायचं, हेच वरून बदलून दिलं गेलं. १९९१ मध्ये बंडखोर सेना फुटली आणि नुएर-डिंका एकमेकांवर गेले.

गुरं राखणाऱ्या पोरांची जी फौज उभी राहिली, तिला ‘व्हाइट आर्मी’ म्हणतात. गुरं नसतील तर लग्न नाही, शाळा वर्षानुवर्षं बंद, आणि गोठ्याचं रक्षण करायला सरकार येत नाही. अशा मुलाला बंदूक टाक म्हणणं सोपं आहे. २००६ मध्ये लोऊ नुएरांची शस्त्रं जबरदस्तीने काढून घेतली, त्यात शेकडो माणसं मेली. शेजारच्या मुर्लेंजवळ हत्यारं तशीच राहिली, अशी लोऊंची तक्रार होती. डिसेंबर २०१३ मध्ये जुबात सरकारी सैनिकांनी नुएरांना वेचून मारलं. काही दिवसांतच अकोबोच्या तळावर सशस्त्र नुएर तरुण चालून गेले. तिथे आसरा घेतलेले डिंका नागरिक आणि त्यांचं रक्षण करणारे दोन भारतीय सैनिक मारले गेले. जुबाचा सूड त्या निरपराधांवर निघाला. कारणं समजून घेणं म्हणजे याला माफी देणं नव्हे.

जुन्या रीतीत अजून दम आहे. १९९९ मध्ये वुनलिट इथे डिंका आणि नुएर मुखिया जमले. पांढरा बैल कापला गेला, आणि दिवसचे दिवस एकेका बाजूने आपली दुखणी सांगितली, दुसऱ्या बाजूने ती ऐकून घेतली. पळवलेली माणसं परत करण्याचं ठरलं, कुरणं पुन्हा खुली झाली. माशार मात्र गरंग यांच्याकडे परतले ते २००२ मध्ये. गावकऱ्यांचा समेट नेत्यांच्या आधी झाला होता.

अडचण तिथेच आहे. जुबात मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांनी गुरं मागायची कोणाकडे? २०१५ च्या करारात खास न्यायालय आणि भरपाईची यंत्रणा लिहिली होती, २०१८ च्या करारात पुन्हा लिहिली. त्यावर सह्या करणारेच त्या न्यायालयापुढे उभे राहू शकतात, आणि ते स्थापण्याचं कामही त्यांच्याच हाती आहे.